पोट उघडल्यावर पुन्हा सोनोग्राफी कशाला?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलेला. सीटी झाला, एमआरआय झाला, पेट स्कॅनही झाला. ऑपरेशनची तारीख मिळाली. आणि आदल्या दिवशी सर्जन बोलता बोलता म्हणतात, "आत गेल्यावर सोनोग्राफी करू आणि मग नक्की किती काढायचं ते ठरवू." ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. म्हणजे अजून ठरलेलंच नाही? आणि सोनोग्राफी? ती तर अगदी सुरुवातीला झाली होती, तिच्याच रिपोर्टात 'सीटी करून घ्या' असं लिहून आलं होतं. एवढी मोठमोठी मशिनं झाल्यावर पुन्हा त्याच साध्या तपासणीकडे कशाला यायचं?

शंका रास्त आहे. पण पोटावर जेल लावून होते ती सोनोग्राफी आणि ऑपरेशन चालू असताना थेट लिव्हरवर प्रोब, म्हणजे लहरी सोडणारं हातातलं उपकरण, ठेवून होते ती सोनोग्राफी, यांचं तत्त्व एक असलं तरी कामं अगदी वेगळी आहेत. नजरेतून सुटलेल्या गाठी हुडकायला ती करतात, असं बहुतेकांना वाटतं. तेही खरंच आहे. पण मला विचाराल तर तिचं मोठं काम दुसरं आहे: लिव्हरचा किती भाग वाचवता येईल ते दाखवणं.

त्यासाठी आधी लिव्हरची थोडी ओळख हवी. मोठ्या माणसाचं लिव्हर साधारण सव्वा ते दीड किलोचं असतं आणि त्याला रक्त दोन वाटांनी येतं. एक धमनी, पण तिचा वाटा जेमतेम पाव. बाकीचं जवळपास तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेन नावाच्या जाड शिरेतून येतं, आणि ते आतडी, जठर, प्लीहा, स्वादुपिंड इथून गोळा झालेलं असतं. आतड्यातल्या गाठीतून सुटलेल्या पेशी या रक्तात मिसळल्या की वाटेत पहिली चाळणी लागते ती लिव्हरची. आतड्याचा कॅन्सर इथे इतक्या वेळा पसरतो तो म्हणूनच. (गुदाशयाच्या अगदी खालच्या टोकाचं रक्त काही प्रमाणात दुसऱ्या वाटेनं जातं, त्यामुळे तिथला कॅन्सर कधी कधी लिव्हरला वळसा घालून थेट फुप्फुसात दिसतो.)

'पसरला म्हणजे संपलं' हे आतड्याच्या कॅन्सरच्या बाबतीत सरसकट खरं नाही. लिव्हरमधल्या सगळ्या गाठी काढता येण्यासारख्या असतील, तर अशा निवडक रुग्णांपैकी 5 वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण अनेक मोठ्या अभ्यासांत 40 टक्क्यांच्या आसपास दिसलं आहे. मात्र 'सगळ्या' या शब्दाला इथे फार वजन आहे. एक जरी गाठ मागे राहिली तरी एवढ्या मोठ्या ऑपरेशनचा फायदा बराचसा वाया जातो. आणि दुसऱ्या बाजूला, हवं तेवढं लिव्हर कापूनही चालत नाही. निरोगी लिव्हर असेल तर निदान 20 ते 25 टक्के मागे राहायला हवं, बरेच दिवस केमो झालेली असेल तर 30 टक्क्यांच्या आसपास, आणि सिरोसिस (लिव्हर कडक होण्याचा आजार) असेल तर 40 टक्के. उरलेला भाग पुढच्या काही आठवड्यांत वाढून भरून येतो, ही लिव्हरची खासियत. पण तो वाढेपर्यंत माणूस त्याच्यावर तगायला हवा. शिवाय त्या भागाला रक्त आत येण्याची वाट, बाहेर जाण्याची वाट आणि पित्त वाहून जाण्याची नळी, तिन्ही शाबूत हव्यात. यांतली एक जरी तुटली तरी मागे ठेवलेलं लिव्हर असून नसल्यासारखं.

आता अडचण अशी की या वाटा बाहेरून दिसतच नाहीत.

फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्लोद क्विनो यांनी 1950च्या दशकात लिव्हरच्या आतल्या रक्तवाहिन्यांचा माग काढत त्याचे 8 भाग पाडले. आजही जगभरचे सर्जन याच आकड्यांत बोलतात: 'सेगमेंट 6 मध्ये दोन, सेगमेंट 8 मध्ये एक.' पण पोट उघडल्यावर समोर येतो तो तांबूस तपकिरी, गुळगुळीत, अपारदर्शक गोळा. त्याच्यावर आकडे लिहिलेले नसतात, रेघा नसतात. वरून एक ठळक बंध दिसतो आणि तो डावं-उजवं लिव्हर वेगळं करत असेल असं कुणालाही वाटेल, पण खरी हद्द तिथे नाहीच. ती त्याच्या बरीच उजवीकडे, आत खोलवर वाहणाऱ्या मधल्या शिरेच्या रेषेत असते.

सीटी आणि एमआरआयमध्ये हे सगळं दिसतं की, असं कुणी म्हणेल. दिसतं, आणि उत्तम दिसतं. पण ते चित्र काही दिवसांपूर्वीचं, कधी काही आठवड्यांपूर्वीचं असतं. रुग्ण उताणा झोपलेला, श्वास रोखलेला, लिव्हर फासळ्यांखाली आपल्या जागी नीट बसलेलं. ऑपरेशनमध्ये त्याला श्वासपटलाशी बांधून ठेवणारे बंध सोडवले जातात, मागे कापडी पॅड सरकवले जातात, उजवा भाग उचलून डावीकडे वळवला जातो. लिव्हर दगडासारखं घट्ट नसतं, ते लोळतं, दबतं, पसरतं. स्कॅनमध्ये पृष्ठभागापासून दोन बोटं खोल असलेली गाठ आता नेमकी कुठे आली, हे भिंतीवर लावलेला स्कॅन सांगू शकत नाही. तेव्हाच्या तेव्हा, आहे त्या स्थितीत बघायचं तर हातात एकच साधन उरतं.

आणि ते साधन इथे एकदम तल्लख होतं. बाहेरून सोनोग्राफी करताना आवाजाच्या लहरींना कातडी, चरबी, स्नायू ओलांडावे लागतात. फासळ्या आडव्या येतात, आतड्यातला गॅस आडवा येतो, लिव्हरच्या माथ्यावर फुप्फुस येऊन बसतं. एवढ्या सगळ्यातून खोल जायचं म्हणून साधारण 3 ते 5 मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. लहरींचा साधा हिशेब असा की वारंवारता वाढवली तर चित्र बारीक येतं, पण लहर खोल जात नाही. पोट उघडल्यावर मधलं सगळं बाजूलाच झालेलं असतं. प्रोब थेट लिव्हरवर. त्यामुळे 5 ते 10 मेगाहर्ट्झ वापरता येतात. शरीरात आवाज सेकंदाला सुमारे 1540 मीटर जातो. त्या वेगानं साडेतीन मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 0.44 मिलिमीटर भरते, तर साडेसातची 0.2. चष्म्याची धूळ पुसल्यावर अक्षरं दिसावीत तसा फरक पडतो. जेमतेम 3-4 मिलिमीटरची गाठही मग हाती लागू शकते.

प्रत्यक्षात हे कसं चालतं? प्रोब लहानसा असतो, बऱ्याचदा इंग्रजी टी अक्षरासारखा, दोन बोटांच्या बेचक्यात धरता येणारा. त्याच्यावर निर्जंतुक प्लास्टिकचं आवरण चढवतात. जेल असतं ते त्या आवरणाच्या आत. बाहेर लिव्हरवर कोमट सलाइन शिंपडलं की पुरतं. मग सर्जन तो पृष्ठभागावर टेकवतात. टेकवतात, दाबत नाहीत, कारण लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांच्या भिंती पातळ असतात आणि जरा जोर पडला की त्या मिटून पडद्यावरून गायबच होतात.

पहिली नजर गाठीवर जात नाही. आधी वाटा बघायच्या. वर, जिथे तीन मोठ्या शिरा मुख्य महाशिरेला मिळतात तिथून सुरुवात करायची आणि एकेक शीर धरून खाली यायचं. मग पोर्टल व्हेन जिथे दुभागते तिथे जायचं आणि प्रत्येक फांदी तिच्या सेगमेंटपर्यंत नेऊन सोडायची. दोन्ही पडद्यावर काळ्या नळ्यांसारख्याच दिसतात, मग ओळखायच्या कशा? पोर्टल व्हेनच्या फांद्यांभोवती तंतुमय वेष्टण असतं, ते लहरी जोरात परतवतं, म्हणून त्यांच्या कडा पांढऱ्या चमकतात. बाहेर जाणाऱ्या शिरांना ते वेष्टण नाही. त्या नुसत्या काळ्या पट्ट्या दिसतात, काठ नसलेल्या. नवख्या डॉक्टरला सगळ्यात आधी शिकवतात ते हेच.

मग गाठींची शोधाशोध. शेतात नांगर फिरवावा तसा, एका पट्ट्यावर पुढचा पट्टा थोडा चढवत सगळं लिव्हर पालथं घालायचं, आणि जे दिसेल ते उभं-आडवं दोन्ही बाजूंनी बघायचं. आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी एकाच रूपात येत नाहीत. काही आसपासच्या लिव्हरपेक्षा काळपट, काही उजळ, काहींच्या भोवती काळसर कडं, मध्ये उजळ ठिपका, नेमबाजीच्या लक्ष्यासारखं. काहींत चुना जमलेला असतो आणि त्यांच्या मागे काळी सावली पडते. सगळ्यात त्रासदायक त्या, ज्यांचा रंग शेजारच्या लिव्हरसारखाच असतो. त्या दिसत नाहीत, फक्त जवळची एखादी शीर उगाच वाकलेली दिसते.

पृष्ठभागाला चिकटलेल्या बारीक गाठी मात्र प्रोबला सहज चकवतात, कारण त्याच्या अगदी तोंडाजवळच्या काही मिलिमीटरचं चित्र धूसर असतं. त्यावर उपाय घरगुती वाटावा असा आहे: सलाइन भरलेला रबरी हातमोजा प्रोब आणि लिव्हर यांच्यामध्ये ठेवायचा, म्हणजे अंतर पडतं. आणि बोटं आहेतच. दोन्ही हातांनी लिव्हर चाचपून बघण्याची जुनी पद्धत सोनोग्राफी आली म्हणून कुणी सोडलेली नाही.

दिसलं ते सगळं कॅन्सरच असतं असंही नाही. रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुच्छ, म्हणजे हिमँजिओमा, उजळ दिसतो आणि हलकं दाबलं की बऱ्याचदा आकार बदलतो. कॅन्सरची गाठ तशी दबत नाही. लिव्हरमध्ये चरबी साठली असेल आणि एखादा तुकडा चरबीविना राहिला असेल, तर तोही गाठीचं सोंग घेतो. म्हणून नवं काही सापडलं की थेट कापत नाहीत. जुने स्कॅन पुन्हा बघतात, शंका उरली तर सुईनं तुकडा घेऊन तपासतात.

सोनोग्राफीत नव्या गाठी सापडून बेत बदलण्याचं प्रमाण पूर्वीच्या अभ्यासांत बरंच मोठं दिसायचं. एमआरआय सुधारला तसं ते घटलं. पण एका प्रकारच्या रुग्णांत ही तपासणी आजही जीव ओतून करावी लागते: केमोनंतर ज्यांच्या गाठी सीटीत 'नाहीशा' झाल्यात त्यांच्यात. रिपोर्टात गाठ दिसत नाही हे वाचून घरात सगळ्यांना आनंद होतो, आणि तो मोडायला जिवावर येतं. पण 2006 साली फ्रान्समधून आलेला एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. केमोनंतर सीटीत दिसेनाशा झालेल्या 66 गाठींचा त्यात पाठपुरावा केला गेला. त्यांपैकी 55 ठिकाणी, म्हणजे 83 टक्के, एकतर कॅन्सर अजून होताच किंवा लवकरच तो तिथेच परत उगवला. तेव्हाचे सीटी आजच्या मानानं जुने होते, चांगला एमआरआय जोडीला घेतला तर हा आकडा खाली येतो, हेही सांगायला हवं. तरीही दिसेनाशी झाली म्हणजे मेली असं धरून चालता येत नाही.

त्यात भर म्हणजे केमोनं लिव्हरही बदलतं. काही औषधांनी त्यात चरबी साठते, काहींनी आतल्या सूक्ष्म रक्तमार्गांना इजा होऊन ते निळसर दिसू लागतं. चरबीचं लिव्हर पडद्यावर उजळ दिसतं, लहरी आत जाईपर्यंत थकतात, आणि मुळातच उजळ असलेली गाठ त्या उजेडात बुडून जाते.

अशा वेळी सूक्ष्म बुडबुड्यांचं औषध शिरेतून देता येतं. लाल रक्तपेशीपेक्षाही लहान, पातळ कवचात कोंडलेल्या गॅसचे हे बुडबुडे लहरी पडताच झणझणतात आणि रक्त जिथे जिथे जाईल ते पडद्यावर उजळवतात. मूत्रपिंडांवर त्यांचा भार पडत नाही. गॅस श्वासावाटे निघून जातो. यातला एक प्रकार तर फार हुशारीचा आहे. लिव्हरमध्ये कुप्फर नावाच्या सफाई कामगार पेशी असतात. त्या हे बुडबुडे गिळतात आणि साधारण 10 मिनिटांनी सगळं निरोगी लिव्हर उजळून निघतं. बाहेरून आलेल्या कॅन्सरच्या गाठीत या पेशी नसतात. मग उजळ लिव्हरमध्ये ती तेवढी काळ्या भोकासारखी उठून दिसते.

गाठी मोजून झाल्या. इथून पुढचं काम बाहेरच्या लोकांना सहसा कुणी सांगत नाही, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप आहे.

कापायची रेघ कुठे मारायची? सर्जन एका हातानं प्रोब धरतात आणि दुसऱ्या हातानं कॉटरीचं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या डागणीच्या पेनाचं टोक प्रोब आणि लिव्हरच्या फटीत सरकवतात. धातूच्या त्या टोकामागे पडद्यावर सावलीची उभी रेघ पडते. ती रेघ गाठीच्या कडेला टेकली की कळतं, गाठीची हद्द बरोबर या बिंदूखाली आहे. तिथून थोडं बाहेर सरकून पृष्ठभागावर एक काळा ठिपका डागायचा. मग पुढचा. असे ठिपके जोडत गेलं की आत न दिसणाऱ्या गाठीचा घेर बाहेर उमटतो. पूर्वी गाठीभोवती 1 सेंटिमीटर निरोगी पट्टा काढायलाच हवा असा दंडक होता. आता बहुतेक ठिकाणी 1 मिलिमीटर स्वच्छ कडही पुरेशी मानतात. पण मिलिमीटरच्या हिशेबानं कापायचं तर आंधळेपणानं जमणार कसं? कापायला सुरुवात झाल्यावरही प्रोब पुन्हा पुन्हा ठेवून बघतात. चिरेत शिरलेली हवा पडद्यावर पांढरी रेघ होऊन दिसते; ती रेघ गाठीकडे झुकायला लागली तर वेळीच दिशा बदलता येते.

(याच खोलीत आवाजाचं आणखी एक यंत्र असू शकतं, नावातल्या साम्यामुळे गोंधळ होतो म्हणून सांगते. त्याचं टोक सेकंदाला 23,000 वेळा वगैरे थरथरतं, लिव्हरचा मऊ भाग फोडून शोषून घेतं आणि रक्तवाहिन्या जवळपास तशाच ठेवतं. ते कापणारं यंत्र. आपण बोलतोय ते बघणारं.)

लिव्हर सर्जरीत ही नजर रुजवण्याचं मोठं श्रेय जपानच्या मासातोशी माकुउची यांना जातं. 1980च्या दशकात त्यांनी एक युक्ती केली: सोनोग्राफीत बघत गाठीकडे जाणाऱ्या पोर्टल फांदीत सुई घालायची आणि निळा रंग सोडायचा. ती फांदी लिव्हरच्या जेवढ्या तुकड्याला रक्त पुरवते तेवढाच तुकडा पृष्ठभागावर निळा पडतो. निसर्गानं आखलेली पण कधी न दिसलेली हद्द अशी डोळ्यांना दिसली. ती पद्धत मुळात लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या कॅन्सरसाठी होती, पण वाटा बघून कापायचं ही शिस्त पुढे सगळीकडे गेली.

तिचा कस लागतो तो गाठ मोठ्या शिरेला खेटून असते तेव्हा. समजा उजव्या बाजूचं रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरेत गाठ घुसलीय. शीर काढली तर तिच्यावर अवलंबून असलेला सगळा भाग रक्तानं तुंबेल, म्हणून तोही काढायचा, हा जुना हिशेब. म्हणजे अक्रोडाएवढ्या गाठीपायी अर्ध्याहून अधिक लिव्हर गेलं. पण शिरांच्या आपापसांत कधी कधी आडवाटा असतात. त्या आहेत का, हे सोनोग्राफीत विचारता येतं. ती शीर तात्पुरती चिमटायची आणि डॉप्लर, म्हणजे वाहत्या रक्ताची दिशा रंगांत दाखवणारी सोनोग्राफीतलीच सोय, लावायचा. डॉप्लरमध्ये साधारणपणे प्रोबकडे येणारं रक्त लाल आणि दूर जाणारं निळं दिसतं. चिमटल्यावरही त्या भागातल्या पोर्टल फांदीत रक्त पूर्वीच्याच दिशेनं आत येत राहिलं, तर त्याला बाहेर पडायला दुसरी वाट सापडलीय; तो भाग ठेवता येतो. रंग उलटला, म्हणजे आत यायचं ते रक्त उलटं फिरलं, तर वाट नाही. मिलानचे सर्जन ग्विदो तोर्झिल्ली यांनी अशा निकषांवर लिव्हर वाचवणाऱ्या ऑपरेशनांची एक वेगळी पद्धतच उभी केली. वाचवलेल्या लिव्हरचा उपयोग आजच्यापुरता नसतो. या रोगात लिव्हरमध्ये पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण बरंच आहे; तेव्हा दुसऱ्यांदा ऑपरेशन करायला हाताशी लिव्हर शिल्लक लागतं.

दुर्बिणीतून ऑपरेशन करताना तर सर्जनची बोटं आत नसतातच. चाचपणं नाही, चिवट-मऊ कळणं नाही. 10-12 मिलिमीटरच्या छिद्रातून जाणारा, टोकाला वळणारा प्रोब हाच तिथे हात. एखादी गाठ कापण्याऐवजी मायक्रोवेव्हच्या सुईनं जाळायची असेल तर सुई नेमकी मध्यात गेली का, हेही याच पडद्यावर बघतात. जाळायला लागल्यावर वाफेचे बुडबुडे निघून चित्र पांढरं धुरकट होतं, म्हणून दोन सुया घालायच्या असतील तर दोन्ही आधीच घालून ठेवायच्या.

उणिवा आहेत. ही तपासणी बघणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यांवर फार अवलंबून असते. तोच प्रोब, तेच लिव्हर, पण एकाला दिसतं आणि दुसऱ्याला नाही. श्वासपटलाखाली दडलेले सेगमेंट 7 आणि 8 नीट बघायला लिव्हर पुरतं मोकळं करावं लागतं. तेवढे कष्ट न घेता वरवर फिरवलेल्या प्रोबला काही दिसलं नाही, तर त्या 'काही नाही'ला अर्थ नसतो. हिरव्या चमकणाऱ्या रंगाचा कॅमेरा आता जोडीला आलाय, पण त्याला वरचा सेंटिमीटरभरच थर दिसतो. खोलातलं बघायला पुन्हा आवाजच लागतो.

तुकडा बाहेर आला की सलाइन भरलेल्या भांड्यात बुडवून त्याचीही सोनोग्राफी करता येते: गाठ आली ना आत, आणि तिच्याभोवती कड राहिली ना? मग एकदा शेवटचा प्रोब उरलेल्या लिव्हरवर. रक्त आत येतंय, बाहेर जातंय, दोन्ही रंग दिसतायत. पोट शिवायला घेतात ते त्यानंतर.

म्हणून संमतिपत्रावर 'ऑपरेशनमध्ये जे दिसेल त्यानुसार' असं लिहिलेलं असलं तर ती सर्जनची पळवाट समजू नका. आणि बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की उजवी बाजू अख्खी काढणार होतो, पण तीन छोटे तुकडे काढून भागलं, तर ऑपरेशन अर्धवट सोडलं असं मनात आणू नका. आत काय दिसलं, शीर वाचली का, आणि मागे किती लिव्हर राहिलं, एवढं मात्र नक्की विचारा.